छपराचा ठराव

सभेचं इतिवृत्त मी लिहिते.
शिक्के कोरणाऱ्या बाईचं अक्षर बारीक,
म्हणून अठरा वर्षांपूर्वी हे काम माझ्या गळ्यात पडलं.

आमची पेठ तीनशे चाळीस पावलं लांब.
दुकानं बासष्ट. उघडी एकोणीस.
बाकीच्यांची शटरं खाली,
त्यांवर शाळेतल्या मुलांनी कधीतरी रंगवलेले मासे.
निम्मी मुलं आता टोकियोत नोकरीला आहेत.
मासे इथेच.

वर छप्पर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
एकाहत्तर साली आमच्या बापांनी घातलं.
बर्फातून आलेलं गिऱ्हाईक कोरडं राहील, म्हणाले.
गिऱ्हाईक हायवेवरच्या मॉलमध्ये गेलं.
कोरडे राहिलो ते आम्ही.

आता तेही नाही. बावीस ठिकाणी गळतं.
बादल्या हिरुमांच्या औषधाच्या दुकानातून येतात,
निळ्या, किमतीचं लेबल तसंच ठेवून.

दर मंगळवारी सात वाजता, बँकेच्या वरच्या मजल्यावर.
बँक केव्हाच गेली, मजला राहिला.
नागुमो, रॉकेलचे घाऊक व्यापारी, आमचे अध्यक्ष:
दुरुस्तीला नऊ कोटी येन.
काझामा, साके गाळणाऱ्या घराण्याची सोळावी पिढी:
पाडायला चार.
बस कंपनीचे शिओमी चष्मा पुसत:
आणि काहीच न करायला किती?
सगळे हसले.
मी लिहिलं: चर्चा झाली.

तीन वर्षं मी लिहीत होते, चर्चा झाली.
घोंगडं भिजत पडलं,
आणि टोकेदाबाईंच्या दुकानात
खरोखरच गाद्या भिजल्या.

त्या मंगळवारी त्या एक उशी घेऊन आल्या.
टेबलाच्या मधोमध ठेवली.
काही बोलल्या नाहीत.
पाणी अंदाजपत्रकापर्यंत पोचायला अकरा मिनिटं लागली.
अकरा मिनिटं कुणी उशी हलवली नाही.
मग नागुमोंनी हात वर केला,
मग काझामांनी, मग एकेक करत सगळ्यांनी,
वर्गात चूक कबूल करावी तसे.

काझामांनी गोदाम गहाण टाकलं,
नागुमोंनी एक टँकर विकला,
हे इतिवृत्तात नाही.
दोघांनी तसं बजावलं होतं.

ऑक्टोबरात पत्रे उतरले.
आम्ही खाली उभे, माना वर करून,
आणि पन्नास वर्षांत न पाहिलेले आमचेच वरचे मजले
आमच्याकडे बघू लागले.
सज्जे, गंजलेल्या कड्या, टोपीवाल्याची रंगीत पाटी,
आणि माझ्या दारावर, सोनेरी,
सासऱ्यांनी स्वतः कोरलेलं नाव,
एका अक्षरात एक रेघ कमी.
जन्मभर दुसऱ्यांची नावं तपासणारा माणूस.
मी इतकी हसले की शिओमींनी मला पाणी आणून दिलं.

डिसेंबरात, एका रात्रीत, कमरेइतकं बर्फ.
नगरपालिकेचं यंत्र पेठेत वळत नाही.
पहाटे पाचला खरवडण्याचा आवाज आला.
नागुमो होते, कानटोपी घालून.
त्यांनी आपलं दार मोकळं केलं,
थोडा वेळ थांबले,
मग शेजारच्या बंद दुकानाचंही केलं,
ज्याचा मालक सेंदाईत असतो आणि पत्राला उत्तर देत नाही.
साडेपाचला आम्ही सात जण होतो.
शिव्या देत होतो, मुख्यतः बापांना.
त्यांनी छप्पर का घातलं ते
पाठीला नीट समजलं.

फावडी ठेवायला जागा हवी,
म्हणून सेंदाईवाल्याला फोन लावला.
हो म्हणाला. उचला शटर.
मासा गुंडाळला गेला.
आत टोकेदाबाईंनी स्टोव्ह ठेवला, रॉकेल नागुमोंचं.
सातच्या बसची मुलं तिथे थांबू लागली,
मग मुलांच्या आज्या,
मग कुणीतरी भाजलेली रताळी विकू लागलं,
कुणी ते ठरवलं नव्हतं.

काल वार्षिक मोजणी.
उघडी दुकानं: वीस, मी लिहिलं.
नागुमो म्हणाले, फावड्यांच्या खोलीला दुकान म्हणत नाहीत.
काझामा म्हणाले, रताळं किती येनला घेतलंत?
तासभर वाद झाला.
शेवटी नागुमोंनी शिक्का काढला,
मीच कोरलेला, कडेला टवका उडालेला,
आणि विसाच्या आकड्यावर थोडा तिरका मारला.